तीनशे बारा, चार

मंगलाबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. कोंढ्यासारख्या गावात, जिथं कोणाच्या घरी पाहुणा आला तर तो पाणी पिऊन व्हायच्या आत चार घरांना खबर लागते, तिथं ही बाई माणसं आकड्यांनी ओळखायची. बाजारात कोणी समोर आलं की क्षणभर त्याच्याकडे बघत राहायची आणि मग एकदम चेहरा खुलायचा. "हां! एकशे सत्तेचाळीस, दोन! काय म्हणते तब्येत?" आणि ती एकशे सत्तेचाळीस, दोन, म्हणजे चांगली पन्नाशीची बाई, हातात वांग्यांची पिशवी घेऊन हसत उभी राहायची. कोणाला राग येत नसे. मंगलाबाईंचं घर एकशे अठरा, आणि नवरा फार वर्षांपूर्वीच गेलेला, घरात त्या एकट्याच, म्हणून लोकही त्यांना गमतीनं "एकशे अठरा, एक" म्हणायचे.

हे लिहिताना सगळे आकडे मी बदलले आहेत, आणि माझं सोडून बाकीची नावंही बदलली आहेत. का ते पुढं कळेलच. माझं नाव मनिष. कोंढ्याच्या बाजारचौकात माझं ऑनलाईनचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, लग्नपत्रिका, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे पासवर्ड, कारण ते त्यांना आठवत नाहीत आणि मला आठवतात. स्वभावानं मी तापट आहे. गिऱ्हाईक दोनदा तोच प्रश्न विचारायला लागलं की माझा आवाज चढतो. मंगलाबाई मात्र एक प्रश्न पाच वेळा विचारायच्या आणि मी पाच वेळा उत्तर द्यायचो. असं का, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या होत्या सिकलवाल्या बाई. सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्या भागात नवा नाही. २०१३ साली नागपूरच्या एका संस्थेनं गावोगावी तपासणी सुरू केली, आणि कोंढ्यात ते काम मंगलाबाईंकडं आलं. बोटाला सुई टोचायची, थेंब घ्यायचा, आणि महिन्याभरानं कार्ड नेऊन द्यायचं. रक्त चांगलं असेल तर पांढरं कार्ड. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण दोष रक्तात दडलेला. लाल म्हणजे आजार. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न केलं तर पोटी लाल लेकरू येऊ शकतं, एवढं गणित मंगलाबाईंनी गावातल्या प्रत्येक बाईच्या गळी उतरवलं होतं. "आपल्यात कुंडली पाहत नाई," त्या वस्तीतल्या बायांना सांगायच्या, "बाबासायबानं सोडवलं आपल्याले त्याच्यातून. पण कारड पाहा वो बायांनो. लगन जोडाच्या पहिले कारड पाहा."

आणि दुसरं एक वाक्य त्या प्रत्येक दारात म्हणायच्या. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "तुहं कारड तुह्या पेटीत. तू दाखोशील त्यालेच दिसन. मी कोणाले सांगत नाई अन् माही मशीन बी सांगत नाई."

लोकांनी बोटं पुढं केली ती या वाक्यावर. डॉक्टर कोण, संस्था कुठली, हे कोणाला ठाऊक होतं?

मशीन म्हणजे संस्थेनं दिलेला मोबाईल. बेचाळीस गावांत बेचाळीस बाया, प्रत्येकीला एक. त्यात पुण्याच्या एका कंपनीनं केलेलं अ‍ॅप. अ‍ॅप कसलं, तीन चौकोन होते. पहिल्यात गावाचा आकडा, दुसऱ्यात घराचा, तिसऱ्यात घरातल्या माणसाचा. टाकलं की अख्खा पडदा त्या रंगाचा व्हायचा. पासवर्ड नाही, काही नाही. मंगलाबाईंना टाईप करता येत नसे, पण आकड्यांवर त्यांचं बोट भाताची पेंडी बांधावी तसं झरझर चालायचं. पडद्यावर नाव येत नसे. नाव मुद्दामच ठेवलं नव्हतं, गुपित राहावं म्हणून.

आता घराचा आकडा कुठला? सर्व्हेच्या वेळी दाराच्या चौकटीशेजारी गेरूनं लिहिलेला. तो मंगलाबाईंनीच लिहिला होता, वीतभर उंच, रस्त्यावरून सायकलवर जातानाही वाचता येईल असा. आणि माणसाचा आकडा? घरधनी एक, त्याची बायको दोन, मग लेकरं वयाप्रमाणं. नागपूरचे डॉक्टर, पुण्याचे इंजिनिअर, बेचाळीस बाया आणि अ‍ॅप चालवायला मदत करणारा मी, इतक्या शहाण्या लोकांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की नाव झाकलं तरी आकडा भिंतीवर लिहिलेला आहे. आजही हे आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तीनशे बारा हे मंगरूचं घर. मंगरू एक, विमलाबाई दोन, मुलगा सुगत तीन, मुलगी हर्षा चार. हर्षाचं कार्ड लाल निघालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. कार्ड द्यायला मंगलाबाई गेल्या तर ती अंगणात एकटीच होती. तिनं कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाली, "आयबाबाले सांगजा. बाकी कोणाले नाई. मी मेली तरी नाई." मंगलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. दोन वर्षांनी हर्षा गेली. डोळे पिवळे झाले होते, म्हणून गावानं कावीळ म्हटलं. मंगलाबाईंनीही सगळ्यांना कावीळच सांगितलं.

२०१८ साली संस्थेनं नवं अ‍ॅप आणलं. खरं सांगायचं तर ते चांगलं होतं. प्रत्येक माणसाला स्वतःचा लांबलचक वेगळा नंबर, बाईंना पासवर्ड, आणि कोणाचंही कार्ड उघडायचं तर त्या माणसाच्या मोबाईलवर ओटीपी जाणार. कागदावर झकास. पण कोंढ्यात मोबाईल असायचा नवऱ्याच्या खिशात आणि नवरा असायचा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला. ओटीपी तिकडं चिखलात वाजायचा आणि इकडं बाई दारात उभी. तो धापा टाकत घरी येईपर्यंत ओटीपी मरून जायचा. मंगलाबाई दुकानात येऊन बसल्या तेव्हा रडकुंडीला आल्या होत्या. "मनिषभाऊ, मले जमत नाई. सकाळपासून तीन घरं झाली फक्त. हे असंच चाललं तर मले काढून टाकतीन. तुमी एक अर्ज लिवा. जुनं बंद करू नका म्हना."

मी लिहिला. मोठ्या हौसेनं लिहिला. प्रति, मा. प्रकल्प प्रमुख. विषय, जुनी पद्धत बंद न करण्याबाबत. खाली बेचाळीस बायांच्या सह्या. नागपूरच्या बैठकीला मी त्यांच्यासोबत गेलो. पुण्याचा इंजिनिअर पोरगेलासा होता, मायाळू होता. त्यानं अर्ज वाचला, बायांकडं पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. व्हर्जन वनची एपीआय बंद नको करू या. राहू द्या काही महिने. नवीन नोंदी मात्र नव्यातच करा, जुन्यात फक्त बघता येईल." बायांनी टाळ्या वाजवल्या. परतताना बसमध्ये मंगलाबाईंनी मला विचारलं की तो एपीआय म्हणाला ते काय. मी माझ्या परीनं सांगितलं. "मोबाईलवर दिसते ते नुसतं तोंड, बाई. माहिती तिकडं दूर एका मोठ्या मशीनमंदी राहते. आपण विचारतो ते एका खिडकीतून, अन् उत्तर त्याच खिडकीतून येते. नव्या खिडकीवर त्यायनं पहारेकरी बसवला. जुनी आपल्यासाठी उघडी ठेवली." त्या खूश झाल्या. मला त्यांनी पवनीच्या स्टँडवर चहा पाजला.

त्याच वर्षी करडीहून प्रतिक्षा आली. विमलाबाईच्या बहिणीची मुलगी. आई वारली, म्हणून मावशीकडं राहायला आली आणि पवनीच्या कॉलेजात जायला लागली. तिची तपासणी झाली, पांढरं कार्ड आलं. नव्या अ‍ॅपमध्ये तिचा वेगळा लांब नंबर नोंदला गेला. पण तसले चौदा आकडी नंबर कोण लक्षात ठेवतो? म्हणून मंगलाबाई प्रत्येक नव्या कार्डाच्या कोपऱ्यात पेनानं जुन्या पद्धतीचाही आकडा लिहायच्या. प्रतिक्षाचा आकडा पाच व्हायला हवा होता. पेन उचललं तर विमलाबाईंनी त्यांचा हात धरला.

"पाच काहून लिवता? चार रिकामा ठेवू नका वो बाई. घरात तीनच्या बाद पाच म्हणाचं का? मले नाई सहन होत."

मंगलाबाईंनी चार लिहिला. त्यांना वाटलं, आकडाच तर आहे. मलाही वाटलं असतं. खरं म्हणजे त्या दिवशी मी तिथं असतो तर मीच म्हणालो असतो की लिहा चार, बिचारीला बरं वाटेल.

२०२० मध्ये प्रकल्प संपला. मोबाईल परत मागवले. ते जमा करायच्या आधी प्रत्येकातून दोन्ही अ‍ॅप काढायची होती आणि ते काम माझ्याकडं आलं. दुकानात बेचाळीस मोबाईल ओळीनं मांडून मी मोठ्या तोऱ्यात एकेकातून अ‍ॅप उडवलं आणि संस्थेला कळवलं की जुनं सगळं बंद झालं. त्यांनी त्यांच्या यादीतून जुन्या व्हर्जनचं नाव काढून टाकलं. मी फक्त तोंडं काढली होती. खिडकी तिकडं उघडीच होती, आणि ती उघडी आहे हे सांगणारं आता कोणाच्याही यादीत काही नव्हतं. माझ्याही डोक्यात नव्हतं.

दोन वर्षांनी प्रतिक्षाचं लग्न जुळलं. ते मंगलाबाईंनीच जुळवलं. मुलगा साकोलीचा, अश्वजित, औषधाच्या दुकानात कामाला, दिसायला नीटनेटका. त्याचं कार्ड पिवळं, म्हणून त्याच्या आईला, चंद्रभागाबाईंना, पांढऱ्याच कार्डाची सून हवी होती. त्यांनी एक मूल लाल कार्डाचं गमावलं होतं. मंगलाबाईंना तर हे लग्न म्हणजे आपल्या सगळ्या कामाचं सार्थक वाटत होतं. पिवळ्याला पांढरी, अगदी त्या सांगत आल्या तसं. प्रतिक्षाचं कार्ड त्यांनी स्वतः साकोलीला नेऊन दिलं. मुलाला पोरगी पसंत, पोरीला मुलगा पसंत. दोघं फोनवर बोलायला लागले होते. प्रतिक्षा माझ्या दुकानात पत्रिकेचे नमुने बघून गेली आणि एक निवडलाही.

आठ दिवसांनी निरोप आला की लग्न होणार नाही. चंद्रभागाबाईंनी फोनवर मंगलाबाईंना एवढंच म्हटलं, "तुमच्यावर भरोसा ठेवला होता जी. पोरगी लाल हाय अन् तुमी पांढरं कारड आणून देल्लं."

मंगलाबाई धावतच दुकानात आल्या. त्यांच्या मोबाईलवर एक लिंक आली होती, चंद्रभागाबाईंनीच पाठवलेली. मी ती संगणकावर उघडली. एक साधं पान. वर लिहिलं होतं, सिकल कार्ड पाहा. खाली तीन चौकोन. गाव, घर, माणूस. कोणीतरी, कोणी ते आजही कळलेलं नाही, जुन्या अ‍ॅपमधून त्या खिडकीचा पत्ता काढला होता आणि त्यावर हे पान बसवलं होतं. ना पहारेकरी, ना पासवर्ड, ना ओटीपी. आम्ही बेचाळीस सह्या करून मागितलं होतं तसंच.

मी कोंढ्याचा आकडा टाकला. तीनशे बारा. चार. पडदा लाल झाला.

"हे हर्षाचं हाय," मंगलाबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "चार मीच लिवला. प्रतिक्षाच्या कारडावर चार मीच लिवला, मनिषभाऊ." त्या बाकड्यावर बसल्या आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी एक काम केलं, त्याची मला लाज वाटते. मी ते पान बंद केलं नाही. हे फक्त तीनशे बाराचं आहे की सगळं गाव उघडं आहे, ते तपासतो असं स्वतःला सांगत आकडे टाकत गेलो. दहा मिनिटांत एक अख्खी आळी बघून झाली. कोणाची सून, कोणाचा जावई, शाळेतले मास्तर. ज्यांच्याशी मी रोज बोलतो त्यांच्या पेट्यांतली कार्डं माझ्या पडद्यावर रंग बदलत होती. शेवटी बोटानं एकशे अठरा, एक टाकलं. मंगलाबाई. पिवळा. नऊ वर्षांच्या ओळखीत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं एक लेकरू लहानपणीच गेलं होतं एवढं मात्र मला माहीत होतं. मी संगणकच बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ती खिडकी बंद करायच्या मागे लागलो. संस्थेला फोन केला. तिथल्या बाई गोड बोलल्या. "आमची सिस्टीम पूर्ण सुरक्षित आहे सर. ओटीपीशिवाय काहीच उघडत नाही." मी म्हणालो, मी नव्याचं नाही, जुन्याचं बोलतोय. त्या म्हणाल्या, "जुनं तर बंद झालंय ना सर. तुमचाच ईमेल आहे आमच्याकडे." मी ओरडलो. त्यांनी शांतपणे यादी पुन्हा बघितली आणि सांगितलं की यादीत तसं काही नाही, आणि जे यादीत नाही ते बंद कसं करायचं? पुण्याची कंपनी बुडाली होती. तो मायाळू इंजिनिअर सापडला, बंगळुरूला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोनदा सॉरी म्हणाला, खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. पण चाव्या आता त्याच्याकडं नव्हत्या, आणि ते मशीन कोणाच्या नावावर चालू आहे तेही त्याला ठाऊक नव्हतं. "ते आपोआप चालत असेल," तो म्हणाला, "कोणी बंद करेपर्यंत चालतच राहतं." भंडाऱ्याला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. घेणाऱ्या साहेबांनी पान उघडून नीट पाहिलं आणि विचारलं, "पण यात नाव कुठं आहे?" मी सांगायला लागलो, दारावरचा गेरू, घरधनी एक, बायको दोन. ते मान हलवत ऐकत होते. पोच मिळाली. ती फाईलला लावलेली आहे.

मंगलाबाईंनी तोवर आपल्या पद्धतीनं हातपाय हलवले. प्रतिक्षाची पुन्हा तपासणी करून घेतली. रिपोर्ट पुन्हा पांढरा. पण नुसत्या रिपोर्टनं भागणार नव्हतं. लाल कोणाचा, ते सांगावं लागणार होतं. त्या विमलाबाईंकडं गेल्या. मी सोबत होतो, दाराशी थांबलो. मंगलाबाईंनी विचारलं, "हर्षाचं नाव घेऊ का? तू म्हणशील तरच घेतो."

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. "प्रतिक्षा माही बी लेकच हाय वो. पण सुगतचं लगन व्हाचं हाय. सख्ख्या बहिणीले लाल होतं म्हणून समजलं तर माह्या पोराले कोण पोरगी देईन? मी कोणाले पाहू, सांगा नं तुमीच."

आतून प्रतिक्षा बाहेर आली. तिनं मावशीला धरलं. "राहू द्या बाई," ती मंगलाबाईंना म्हणाली. "मावशीले रडवू नका. ताईचं नाव घेऊ नका."

तरी आम्ही साकोलीला गेलो, नवा रिपोर्ट घेऊन. चंद्रभागाबाई वाईट बाई नव्हत्या. बसवलं, चहा दिला. रिपोर्ट दोनदा वाचला. मग मोबाईल काढून आमच्यासमोर आकडे टाकले आणि लाल पडदा टेबलावर ठेवला. कार्डही त्याच्या शेजारी ठेवलं, मंगलाबाईंच्या अक्षरात कोपऱ्यात लिहिलेलं, ३१२/४.

"पहिला कागद पांढरा होता. हा बी पांढराच हाय. मंग मोबाईल लाल काहून सांगून राहिला जी?"

मी म्हणालो, "ते जुन्या माणसाचं आहे. प्रतिक्षाचं नाही."

"कोणाचं हाय मंग? चार नंबर पहिले कोण होतं?"

अश्वजित दाराशी उभा होता. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मला वाटत होतं, एक नाव, फक्त एक नाव घ्या बाई, मेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार आहे? नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मंगलाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

"मले सांगता येत नाई," त्या म्हणाल्या. "पण पोरगी पांढरी हाय. मी सांगतो म्हणून माना."

चंद्रभागाबाईंचे डोळे भरून आले. "मी एक पुरला हाय जी ह्या हातानं. कोणाच्या सांगण्यावर नाई चालत आता."

बसमध्ये मी मंगलाबाईंवर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणालो, "जितीजागती पोरगी बरबाद होऊन राहिली अन् तुमी मेलेलीचं गुपित धरून बसल्या!" त्या म्हणाल्या, "मशीननं सांगतलं. आता मी बी सांगू का?"

पुढच्या सोमवारी सकाळी दुकान उघडायला आलो तर समोरच्या आळीत मंगलाबाई. हातात चुन्याची बादली आणि ब्रश. नऊ वर्षांपूर्वी ज्या दारांवर त्यांनी गेरूनं आकडे लिहिले होते ती दारं त्या एकेक करून पुसत होत्या. आधी ओल्या फडक्यानं घासायचं, मग वर चुना. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "जुने झाले होते जी." साडेपाचशे घरं. अकरा दिवस लागले. तीनशे बाराच्या दारात विमलाबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातून ब्रश घेतला आणि आकडा स्वतः पुसला. गेरू हट्टी असतो. चुन्याखालून तो दोनदा वर आला आणि तिसऱ्या हातानं दबला.

बाराव्या दिवशी दुपारी त्या दुकानात आल्या. नखांत चुना होता.

"लावून पाहा," म्हणाल्या.

"काय लावून पाहू?"

"तीनशे बारा, चार."

त्या भोळ्या नव्हत्या. भिंतीवरचं पुसल्यानं तिकडचं पुसलं जात नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला नाही म्हणवलं नाही. मी आकडे टाकले. पडदा लाल झाला.

"दारावर नाई, तरी?"

"दारावर नाही, तरी."

त्यांनी नखातला चुना कोरून काढला. मग म्हणाल्या, "मीच म्हणली होती नं, बंद करू नका म्हणून." मी म्हणालो, अर्ज मी लिहिला होता. "तर मंग आता दुसरा लिवा. बंद करा म्हणून लिवा."

जुनी फाईल संगणकात होतीच. उघडली. विषय, जुनी पद्धत बंद न करण्याबाबत. त्यातला "न" खोडला. बाकी मजकूर दोन ओळींत बदलला. फक्त वरच्या "प्रति"पाशी माझी बोटं थांबली. प्रकल्प प्रमुख नव्हते, कारण प्रकल्प नव्हता. कंपनी नव्हती. संस्थेच्या यादीत ते मशीन नव्हतं. मी "प्रति" आणि स्वल्पविराम ठेवून पुढची जागा कोरी सोडली आणि कागद छापला.

प्रतिक्षा आता नागपूरला एका दवाखान्यात काम करते. जाताना माझ्याकडून कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून घेतल्या तिनं. पत्रिकेचा नमुना मी कधीच खोडून टाकला होता, पण तिची नजर एकदा त्या भिंतीकडं गेलीच जिथं मी नमुने लावतो. अश्वजितचा अजून तिला फोन येतो म्हणतात. ते पान अजून चालू आहे. आमच्या जिल्ह्यात लग्न जोडणारी माणसं आता कार्ड मागतच नाहीत, ते पान उघडतात. दारावर आकडे नसले म्हणून काय झालं, कोणाचं घर कुठलं ते प्रत्येक गावात कोणीतरी सांगतंच. मंगलाबाई बाजारात दिसतात. कोणी समोर आलं की पूर्वीसारख्याच बघत राहतात, आकडा ओठांवर येतो तो गिळतात, आणि नाव काही आठवत नाही, म्हणून नुसत्या हसून पुढं जातात.

त्या दुपारी अर्जावर त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर कोरून. आणि सवयीनं, हात थांबायच्या आधीच, सहीखाली लिहिलं, ११८/१. लिहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो आकडा खोडला, पुन्हा खोडला, कागद फाटेपर्यंत खोडत राहिल्या, आणि मग मान वर करून मला विचारलं, "दिसत तर नाई नं आता?"

मी नाही म्हणालो. त्या आकड्याचा रंग मी पाहिला होता, आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.